निया वार्डालोस आणि आमच्या मंडळाची नाटकं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ हा चित्रपट लिहिणाऱ्या आणि त्यात नायिका असलेल्या निया वार्डालोस या कॅनेडियन अभिनेत्री-लेखिकेवरचा लेख वाचला. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर इकडे आले आणि आता टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरोत राहते, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. आपला ई-पेपर सकाळच्या बसमध्ये वाचून होतो. माझ्या शहराचं नाव आलं की साहजिकच जरा बारकाईने वाचते. लेखातली माहिती ठीक होती, खटकला तो सूर. मथळ्यापासून शेवटापर्यंत एकच पालुपद: टॉम हँक्सच्या बायकोने हिचा प्रयोग पाहिला आणि हिचं नशीब फळफळलं. जणू बाई नुसती उभी होती आणि वरून गंगाजळ पडलं. त्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. पत्र लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच, फक्त ग्रीक चर्चचा भाग कापू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

निया १९६२ साली विनिपेगला जन्मली, ग्रीक आई-बापांच्या पोटी. विनिपेग म्हणजे काय हे इथे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. तिथून ती नाटक शिकायला टोरांटोच्या रायर्सनला आली (हल्ली त्या विद्यापीठाचं नाव बदललं आहे) आणि मग ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाटकमंडळींच्या थिएटरात कामाला लागली. रंगमंचावर नव्हे, तिकीटखिडकीवर. दिवसा तिकिटं विकायची आणि रात्री मागे उभं राहून खेळ बघायचा. एके रात्री एक नटी आजारी पडली. खेळ कोणाला येतो, तर तिकिटं विकणाऱ्या मुलीला! ती उभी राहिली आणि तिला कंपनीत घेतलं.

आपल्या लेखकाने यालाही ‘योगायोग’ म्हटलंय. म्हणणारच. विंगेत बसलेल्या माणसाला विचारा. मी सांगलीत कॉलेजात असल्यापासून प्रॉम्प्टिंग करते आहे आणि इथे महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांतही तेच माझ्याकडे असतं. कारण माझा आवाज बारीक आहे आणि चष्मा जाड. नट आपापली वाक्यं पाठ करतो आणि समोरच्याची शेवटची दोन. सबंध नाटक फक्त प्रॉम्प्टरला येतं. कोण कुठे श्वास घेतो, कोणाचा हशा कुठे येतो, कुठलं वाक्य दर प्रयोगात पडतं, हे सगळं त्या छोट्या टॉर्चच्या उजेडात कळतं. लेखन शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. निया रोज रात्री मागे उभी राहून नेमकं तेच शिकत होती. जिच्या रंगमंचामागच्या नोकरीकडे आपण ‘संघर्षाचे दिवस’ म्हणून हळहळत बघतो, ती तिची शाळा होती.

आता ‘सेकंड सिटी’बद्दल, कारण लेखात या नावापुढे नुसतं ‘प्रसिद्ध’ लिहून पुढे गेलेत. मूळ संस्था शिकागोची, १९५९ सालची. टोरांटोची शाखा १९७३ पासून. डॅन अ‍ॅक्रॉइड, जॉन कँडी, गिल्डा रॅडनर, यूजीन लेव्ही ही गाजलेली विनोदी मंडळी इथूनच निघाली. कॅथरीन ओहारा तर आधी याच थिएटरात वेट्रेस होती. म्हणजे बशा उचलणारी, तिकिटं फाडणारी माणसं रंगमंचावर जाणं हा तिथला एकट्या नियाचा चमत्कार नाही, तो त्या घराचा रिवाज आहे. तिथे नाटक आधी लिहून येत नाही. मुख्य खेळ संपला की नट थांबतात, प्रेक्षकांना एखादा विषय विचारतात आणि जागच्या जागी प्रवेश रचतात. त्यातलं जे रंगतं ते दुसऱ्या रात्री परत करतात, तासतात, तिसऱ्या रात्री आणखी तासतात आणि काही आठवड्यांनी त्याचा नवा खेळ बांधला जातो. तिथे नट हाच लेखक. माझी मुलगी काही महिने त्यांच्या शनिवारच्या वर्गाला जात होती, तेव्हा गाडीत बसून वाट बघताना मला हे सगळं कळलं.

आणि या पद्धतीचं मूळ कुठे आहे माहीत आहे? व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईकडे. ही स्वतः शिकागोतल्या रशियन ज्यू निर्वासित घरातली. १९२० च्या दशकात ती तिथल्या एका सेटलमेंट हाउसमध्ये नीव्हा बॉइड या बाईंच्या हाताखाली शिकली. सेटलमेंट हाउस म्हणजे परदेशातून आलेल्या गरीब वस्तीसाठी चालवलेलं एक प्रकारचं समाजकेंद्र. पुढे तीसच्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारी योजनेतून वस्तीतल्या मुलांसाठी नाट्यवर्ग घेताना हिने खेळ तयार केले. मुलं देशोदेशीची, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, पाठांतराचा प्रश्नच नाही. मग खेळातून नाटक. तिचा मुलगा पॉल सिल्स, आणि तोच ‘सेकंड सिटी’च्या संस्थापकांपैकी एक. संपादक महाशय, हे मी मुद्दाम सांगते आहे. अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या विनोदी नटांची जी गंगोत्री मानतात, ती निर्वासितांच्या पोरांसाठी बाईंनी चालवलेल्या मोहल्ल्याच्या नाट्यवर्गात आहे. हौशी, फुकट आणि समाजासाठी. आमच्या मंडळांसारखीच की!

‘सेकंड सिटी’तच नियाला इयान गोमेझ हा नट भेटला. १९९३ साली लग्न झालं आणि लग्नाआधी त्याने तिच्या चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स दीक्षा घेतली. पुढचं सगळं कथानक यातच आहे.

मग लॉस एंजेलिस. तिथे कामं मिळेनात. एजंटने तिला तोंडावर सांगितलं की नायिका व्हायला तू देखणी नाहीस आणि चरित्र भूमिका करायला पुरेशी जाड नाहीस. ग्रीक भूमिका तर कोणी लिहीतच नाही. ही गोष्ट तिने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितली आहे, हसत हसत. आता आपण काय केलं असतं? मी तर सामान बांधून परत आले असते. हिने आपल्या घरच्या लग्नाच्या गोष्टी जमवल्या आणि एकटीने तासाभराचा खेळ उभा केला. आई, बाप, आत्या, मावश्या, सगळ्या भूमिका हिच्याच. १९९७ साल, हडसन बॅकस्टेज नावाचं लहानसं थिएटर. आता तिकिटं कोण घेणार? हॉलिवूडमध्ये दर गल्लीत कोणी ना कोणी एकपात्री करत असतं. ती गेली आसपासच्या ग्रीक चर्चमध्ये आणि तिथे जाहिरात केली. रविवारची प्रार्थना झाल्यावर कॉफी पीत उभ्या असलेल्या बायका, हा तिचा प्रेक्षक. खेळ भरू लागले.

हा भाग आपल्या लेखात एका ओळीतही नाही! टॉम हँक्सची बायको म्हणजे रीटा विल्सन, आणि तिची आई ग्रीक. ती कुणा होतकरू नटीला हात द्यायला गेली नव्हती, आपल्या घरचं काहीतरी चाललंय म्हणून बघायला गेली. मग नवऱ्याला घेऊन आली. ती बसली त्या खुर्चीच्या आजूबाजूला आधीच हसणारी माणसं होती, आणि ती निया वार्डालोसने स्वतः गोळा केली होती. रिकाम्या थिएटरात एकटी रीटा विल्सन बसली असती तर तो खेळ तिला तसा दिसला असता का?

स्टुडिओवाल्यांनी मग चकरा मारल्या. त्यांचं म्हणणं असं की गोष्ट झकास आहे, फक्त कुटुंब ग्रीक नको, लॅटिनो करू. आणि मुख्य भूमिकेत ही नको, नाव असलेली नटी घेऊ. मरिसा टोमेचं नाव निघालं होतं. भाड्याची चिंता असलेल्या बाईने याला नाही म्हणणं, हा त्या लेखाचा मथळा व्हायला हवा होता. शेवटी हँक्सच्या ‘प्लेटोन’ या निर्मितीसंस्थेने तिचं कुटुंब ग्रीकच ठेवून आणि तिलाच नायिका घेऊन चित्रपट करायचं ठरवलं. शूटिंग टोरांटो आणि शिकागोत. चित्रपटातले कॉलेजचे प्रसंग ज्या रायर्सनमध्ये ती शिकली तिथलेच. इथल्या डॅनफोर्थवरच्या ग्रीक वस्तीतही काही चित्रीकरण झालं. नायक जॉन कॉर्बेट तर टोरांटोच्या एका बारमध्ये सापडला. तो मित्राला सांगत होता की एक छान पटकथा वाचली पण ऑडिशनला जाता येत नाही, आणि निया व निर्माता गॅरी गोएट्झमन बाजूलाच बसून ऐकत होते. हा मात्र योगायोग. इथे ‘नशीब’ लिहा, माझी हरकत नाही.

‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ १९ एप्रिल २००२ ला लागला, अवघ्या १०८ थिएटरांत. खर्च सुमारे ५० लाख डॉलर. अमेरिका-कॅनडात कमाई २४ कोटी डॉलरच्या वर, जगभरची ३६ कोटींच्या वर. एकाही आठवड्यात पहिल्या क्रमांकावर नव्हता तो. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसरा तिसऱ्याला घेऊन गेला, असं करत महिनोन् महिने चालला. मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पारितोषिक पेद्रो अल्मोदोवारला गेलं आणि ते बरोबरच होतं, पण ते असो.

मी तो पाहिला तो आमच्या दवाखान्यातल्या ग्रीक सहकारी बाईबरोबर. नायिकेचा बाप कुठल्याही दुखण्यावर काच पुसायचा विंडेक्स फवारतो, तेव्हा ती खुर्चीतून खाली यायची बाकी होती. मला आमच्या आबांची अमृतांजनची बाटली आठवली. डोकं, गुडघा, सर्दी, विंचू, सगळ्याला तेच. जावई मांस खात नाही हे कळल्यावर मावशी क्षणभर गप्प होते आणि मग म्हणते, काही हरकत नाही, मी कोकराचं करते. त्या वाक्याला हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरी याच्या बरोबर उलट झालं होतं, पण तो किस्सा माझ्या सासरचे आपला पेपर वाचतात म्हणून इथे लिहीत नाही. आणि व्याह्यांकडून मधे भोक असलेला केक येतो. आईला वाटतं केक फाटलाय, म्हणून ती त्या भोकात फुलझाडाची कुंडी ठेवून तो टेबलावर मिरवत आणते. हे कल्पनेने सुचत नाही. हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून बघावं लागतं.

आता आमच्याबद्दल. या पत्राचं खरं कारण हेच आहे.

उत्तर अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळं आहेत. दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं मोठं अधिवेशन भरतं. गणपती, दिवाळी, संक्रांत, प्रत्येक वेळी नाटक किंवा एकांकिका असतेच असते. माणसं दिवसभर नोकरी करून रात्री कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तालमी करतात, हिवाळ्यात बूट दाराशी काढून मोज्यांवर ब्लॉकिंग करतात आणि शाळेचं सभागृह दहाला बंद होतं म्हणून तिसरा अंक पळवतात. या कष्टांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण नाटकं कुठली? तिकडची. मुंबई-पुण्यात गाजलेली, दहा-वीस-तीस वर्षांपूर्वीची. लेखकाची रीतसर परवानगी घेऊन, मानधन पाठवून केली तर उत्तमच. (दर वेळी तसं होतंच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परदेशात कोण बघायला येतंय, असाही एक विचार असतो.) पण आमच्या आयुष्याचं नाटक कुठे आहे?

मागे आमच्या मंडळाने दादरच्या चाळीतलं एक नाटक केलं. गॅलरीचा कठडा हवा होता. नेपथ्यवाल्यांनी होम डेपोतून नवं कोरं पाइनचं लाकूड आणलं, ते रंधून, पॉलिश पेपरने मुद्दाम झिजवलं, तपकिरी डाय फासला, मग काळपट फडक्याने पुसून हात लागून लागून मळल्यासारखं केलं. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. कठडा इतका हुबेहूब झाला की पहिल्या रांगेतल्या आज्या हळहळल्या. आणि त्याच सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या आमच्या मुलांपैकी एकानेही चाळ पाहिलेली नव्हती. त्यांना तो कठडा आणि शेक्सपिअरच्या नाटकातला बुरूज सारखेच. मध्यंतरानंतर ती बाहेर गेली ती परत आलीच नाहीत, लॉबीत फोनवर बसली.

त्या वर्षी मी एक एकांकिका लिहून दिली होती. जानेवारीत व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाई. सून कामावर. सासूबाई आमटीला फोडणी देतात. मोहरी तडतडते आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागतो. इथे ज्या मराठी घरात हे घडलं नाही ते घर मला दाखवा. मग सगळं घर टॉवेल घेऊन त्या अलार्मखाली नाचतं, कोणी खुर्चीवर, कोणी खिडकी उघडतंय, बाहेर उणे पंचवीस, शेजारचा चिनी म्हातारा चपला घालून दारात. सासूबाईंना वाटतं पोलीस येणार. त्या दिवसापासून त्या फोडणी बंद करतात. घरात सहा महिने बिनफोडणीची आमटी, आणि त्यावरून जे काय व्हायचं ते. शेवट मला जमला नव्हता, पण सुरुवात खणखणीत होती.

समितीतले काका अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी फोन केला. ‘‘वहिनी, लिहिलंय छान हो. पण लोक वर्षातनं दोनदा येतात, त्यांना जरा आपल्याकडचं बघू दे.’’

‘‘काका, हे आपल्याकडचंच आहे की.’’

‘‘तसं नव्हे. आपल्याकडचं म्हणजे... तिकडचं.’’

दुसरी हरकत भाषेची. माझ्या एकांकिकेतला नवरा म्हणतो, ‘‘ड्राइव्ह-वे शॉव्हल केलास का? आणि गार्बेज बाहेर ठेवलंस?’’ समितीने सुचवलं की मंडळाच्या रंगमंचावर शुद्ध मराठी हवी, मुलांवर संस्कार होतात. म्हणजे जो माणूस घरात रोज शॉव्हल म्हणतो, तो रंगमंचावर येऊन ‘अंगणातला हिम उपसलास का’ म्हणणार, आणि हे ऐकून माझी मुलगी मराठी शिकणार! नियाच्या चित्रपटातला बाप मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो, मधे मधे ग्रीक फेकतो, आणि जगातला प्रत्येक शब्द ग्रीकमधून आला असं ठणकावून सांगतो. (आमच्याकडे असे संस्कृतवाले काका प्रत्येक पॉटलकला एक तरी असतात.) त्याची भाषा कोणी धुऊन काढली असती तर चित्रपट उरला असता का?

मला एक उत्तर हमखास मिळतं. ग्रीक लोक इकडे शंभर वर्षं आहेत, निया दुसऱ्या पिढीची, इथेच वाढली, इंग्रजी तिची स्वतःची. आपण पहिली पिढी. आपली मुलं लिहितील. यात तथ्य आहे. पण ती मुलं कशावरून लिहितील? नियाने जे लिहिलं ते आई-बापांना, आत्या-मावश्यांना लहानपणापासून ऐकून लिहिलं, आणि ती माणसं तिला हसण्याजोगी आणि सांगण्याजोगी वाटली म्हणून लिहिलं. आमच्या मुलांना आम्ही दरवर्षी दाखवतो की सांगण्याजोगं सगळं काही दादरला घडतं, तेही ती जन्मण्याआधी. आमचं इथलं आयुष्य म्हणजे नुसता पार्किंगचा वेळ. मग ती शनिवारी ‘सेकंड सिटी’च्या वर्गाला जातात, तिथे आपल्या आजीची नक्कल करून सगळ्यांना हसवतात आणि घरी आल्यावर विचारलं तर म्हणतात, ‘नथिंग, आई.’

महाराष्ट्रातून येणाऱ्या नाटकांवर माझा राग आहे असं कृपया छापू नका. मी विष्णुदास भाव्यांच्या गावची. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ झालं त्या सांगलीत वाढले, नाटकाला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. तिकडचे मोठे नट येतात तेव्हा मी थंडीत रांग लावते, पोहे करायलाही मीच असते. पण भाव्यांनी तरी काय केलं? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले, त्यांना आवडले, आणि भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी आपल्या भाषेत करा. त्यांनी कानडी खेळच जसेच्या तसे केले असते तर सांगलीला आज कोणी नाट्यपंढरी म्हटलं नसतं.

नटीने लिहिणं आपल्याकडेही नवं नाही. मधुगंधा कुलकर्णी अभिनय करता करता ‘एलिझाबेथ एकादशी’ लिहितात, पंढरपूरच्या एका पोराची सायकल एवढाच विषय, आणि तो चित्रपट राष्ट्रीय पुरस्कार घेऊन येतो. तेव्हा आपल्या पेपरने त्याला नशीब म्हटल्याचं मला आठवत नाही.

नियाचं पुढे सगळं गोडच झालं असंही नाही, आणि तेही लेखात यायला हवं होतं. २००३ साली त्याच कुटुंबावर टीव्ही मालिका काढली, ती सात भागांत गुंडाळली. २०१६ चा चित्रपटाचा दुसरा भाग मला पटला नाही. जुनेच विनोद ताणले होते. २०२३ चा तिसरा तिने स्वतः दिग्दर्शित केला, कुटुंबाला ग्रीसला नेलं. त्यात बापाची गैरहजेरी आहे, कारण ती भूमिका करणारे मायकल कॉन्स्टंटिन २०२१ साली गेले. तो भाग उगाच पर्यटनासारखा वाटतो, पण बापाच्या गावाचा शोध घेणारे प्रवेश खरे आहेत. मधल्या काळात तिने न्यू यॉर्कच्या पब्लिक थिएटरसाठी एका पुस्तकाचं नाट्यरूपांतर केलं आणि त्यात स्वतः कामही केलं. म्हणजे ऑस्करच्या रांगेत बसून आलेली बाई पुन्हा नाटक लिहायला आणि रंगमंचावर उभी राहायला गेली. आपल्या लेखकाच्या मते तिचा प्रवास ‘रंगभूमीकडून रुपेरी पडद्याकडे’ आहे, जणू एकेरी तिकीट. मला तरी तो जाऊन-येऊन दिसतो.

माझ्या एकांकिकेचं काय झालं, तर ती आम्ही तिघी मैत्रिणींनी आमच्याच दिवाणखान्यात केली. नेपथ्याला माझं स्वयंपाकघर. अलार्म खरा होता. फोडणीही खरी होती, त्यामुळे संवाद म्हणायच्या आतच तो वाजला आणि पुढची दोन मिनिटं नाटक कुठलं आणि धांदल कुठली हे कोणाला कळेना. मुलं जिन्यावर बसली होती, ती उठून गेली नाहीत. माझ्या मुलीने फोनवर सगळं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की सासूची बाजू जास्त हवी आणि शेवटी आजीनेच अलार्मची बॅटरी काढली पाहिजे. शेवट मला जमत नव्हता तो तिला जमला. आता आम्ही दोघी मिळून त्याची पटकथा लिहितो आहोत. तिचं मराठी कच्चं, माझं पटकथेचं गणित कच्चं. एक पान लिहायला भांडणासकट आठवडा लागतो.

संपादक महाशय, आपल्याला एकच विनंती. परदेशातल्या मराठी रंगभूमीचं म्हणून आपण वर्षातून एकदा पान काढता. त्यात कोणता दिग्गज नट कोणत्या शहरात आला, त्याचं स्वागत कोणी केलं, शालीचा रंग कोणता, एवढंच असतं. पुढच्या वर्षी त्याऐवजी इथे लिहिलेल्या एकांकिका मागवा. न्यू जर्सीतल्या, मेलबर्नमधल्या, दुबईतल्या बायका-पुरुषांकडून, घरात बोलतात तशा मराठीत, शॉव्हल आणि गार्बेजसकट. त्यातली एक दिवाळी अंकात छापा. मंडळाचे काका आपला पेपर वाचतात. छापून आलेलं नाटक करायला त्यांची ना नसते, हा माझा अनुभव आहे. जागा कमी पडत असेल तर शालीचे फोटो जरा लहान करा.

कळावे,

आपली एक वाचक,
स्कारबरो, टोरांटो

(नाव आपल्याकडे कळवले आहे, ते छापू नये. गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या आहेत आणि प्रॉम्प्टिंग माझ्याकडेच आहे.)